आवाज येत नाही म्हणून लिनक्स काढून टाकू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून आमच्या भागात बऱ्याच जणांनी जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) टाकलंय, काहींनी अशी मशीन्स शाळांना पण दिलीत. मला याचा मनापासून आनंद आहे, कारण विंडोज ११ च्या अटीत बसत नाही म्हणून चांगला चालता कॉम्प्युटर भंगारात घालणं मला पटतच नाही. पण सगळीकडून एकच तक्रार ऐकू येते, "बाकी सगळं मस्त चालतं हो, फक्त आवाज येत नाही". मग कोणीतरी सांगतं साउंड कार्ड गेलंय, कोणी म्हणतं लिनक्सला सपोर्टच नाही, आणि मशीन परत कोपऱ्यात जाऊन बसतं. माझं म्हणणं एवढंच आहे की यातल्या बहुतेक केसेसमध्ये कार्ड पण ठीक असतं आणि ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) पण लोड झालेला असतो, आवाज फक्त दुसऱ्याच दाराने बाहेर पडत असतो.

एका जिल्हा परिषद शाळेतलं उदाहरण सांगतो. तिथल्या बाई पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरच्या कविता मुलांना ऐकवायच्या म्हणून स्पीकर घेऊन बसलेल्या, स्पीकरचा लाइट चालू, वायर मागच्या हिरव्या जॅकमध्ये बरोब्बर लावलेली, स्क्रीनवर व्हॉल्यूम फुल, आणि तरी आवाज शून्य. साउंड सेटिंग्ज उघडून आउटपुट बघितलं तर तिथे एचडीएमआय सिलेक्ट झालेलं. मॉनिटर एचडीएमआय केबलने जोडलेला होता आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत. झालं काय, की अशा कॉम्प्युटरमध्ये आवाजाचे दोन रस्ते असतात, एक मदरबोर्डवरचा ॲनालॉग, जो हिरव्या जॅकला जातो, आणि दुसरा ग्राफिक्सचा, जो एचडीएमआयमधून मॉनिटरला जातो, आणि सिस्टीमने दुसरा धरला होता. खालच्या ॲनालॉग आउटपुटवर क्लिक केलं, टेस्ट साउंडचं बटण दाबलं, आवाज आला. कुठलाही कोड नाही, कमांड नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या, पण ते मशीन त्याआधी कित्येक महिने मुकं पडून होतं याचं मला खरंच वाईट वाटलं.

यादीत ॲनालॉग दिसतच नसेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल टाकून घ्या, त्यात कॉन्फिगरेशन नावाचा टॅब आहे तिथे प्रत्येक कार्डाचं प्रोफाइल दिसतं, कधीकधी ते ऑफ असतं. तिथे ॲनालॉग स्टिरिओ ड्युप्लेक्स निवडायचं. ड्युप्लेक्स का, तर नुसतं आउटपुट निवडलं की आवाज येतो पण माइक गायब होतो, आणि मग ऑनलाइन मीटिंगमध्ये समोरचा म्हणत बसतो तुमचा आवाज येत नाहीये.

तरीही आवाज नाही आला तर टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून आल्सामिक्सर (alsamixer) असं टाइप करायचं. नाव ऐकून घाबरू नका, त्यात फक्त उभे पट्टे आहेत. आधी एफ सिक्स दाबून खरं कार्ड निवडायचं, बऱ्याच मशीनवर ते एचडीए इंटेल पीसीएच असं दिसतं. मग मास्टर, हेडफोन, फ्रंट या पट्ट्यांच्या खाली बघा, दोन एम दिसले की तो चॅनेल म्यूट आहे, त्यावर जाऊन एम दाबलं की तिथे दोन शून्य येतात आणि चॅनेल उघडतो. आणि उजवीकडे सरकत गेलं की ऑटो-म्यूट मोड सापडतो, हा फार लोकांना माहीतच नसतो. हेडफोन लावला की स्पीकर आपोआप बंद व्हावेत म्हणून तो असतो, पण जुन्या कॅबिनेटचा पुढचा जॅक खराब झाला असेल तर हेडफोन नसताना पण तो लावलाय असंच सिस्टीमला वाटत राहतं आणि मागचे स्पीकर गप्प बसतात. तिथे डिसेबल्ड करायचं. मशीन रिस्टार्ट केल्यावर सेटिंग परत जात असेल तर आल्साकंट्रोल स्टोअर ही कमांड सुडो (ॲडमिनच्या अधिकाराने चालवायचा शब्द) लावून एकदा द्यायची (sudo alsactl store), टाइप करताना ती आल्साची चार अक्षरं आणि पुढे सीटीएल अशी जोडून असते.

आता एक कळकळीची विनंती, नेटवर दिसेल तो उपाय करू नका. लिनक्सची आवाजाची व्यवस्था या वीस वर्षांत पार बदललीय. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, कार्डाशी बोलणारं आल्सा २००३ च्या २.६ या कर्नल आवृत्तीपासून मुख्य आहे आणि आजही तेच आहे, पण त्याच्या वरचा, प्रोग्रॅम्सचा आवाज तिथपर्यंत नेणारा थर बदलत गेला. २००७-०८ मध्ये फेडोरा आणि उबुंटू या मिंटसारख्याच लिनक्सच्या प्रकारांनी पल्सऑडिओ आणलं, तेव्हा त्याचा खूप त्रास झाला आणि "पल्सऑडिओ काढून टाका" हा सल्ला सगळीकडे पसरला. नंतर त्याच्या जागी पाइपवायर आलं, फेडोराने २०२१ मध्ये घेतलं, उबुंटूने २०२२ मध्ये, मिंटने २०२४ च्या २२ व्या आवृत्तीत. माझ्या मते पाइपवायरने हा विषय खूप सोपा केलाय, पण पंधरा वर्षांपूर्वीचे सल्ले अजून सर्चमध्ये वर येतात आणि लोक ते आजच्या मशीनवर चिकटवतात. पॅकेज काढायला जाल तर त्याच्यावर अवलंबून असलेला डेस्कटॉपचा भाग पण सोबत जाऊ शकतो, मग आवाजासाठी सुरू केलेलं काम सगळं परत इन्स्टॉल करण्यावर येतं. काढाकाढी करण्याआधी तारीख बघा, आपली आवृत्ती बघा.

नवीन लॅपटॉपची गोष्ट जरा वेगळी आहे. तिथे आउटपुटमध्ये डमी आउटपुट एवढंच दिसलं तर कार्डच ओळखलं गेलेलं नाही, आणि इंटेलच्या बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये त्याचं कारण एसओएफ नावाचं फर्मवेअर (साउंड चिपमध्ये चालणारं छोटं सॉफ्टवेअर) नसणं हे असतं. डेबियनवर (हा पण लिनक्सचाच एक प्रकार) ते वेगळ्या पॅकेजमध्ये मिळतं. आधी ते टाका, कर्नल अपडेट करा, मग दुकानात जायचं बघा.

संपादक महोदय, आपल्या पुरवणीत मोबाइलच्या टिप्स दर आठवड्याला असतात, तशी एक चौकट याच्यावर पण द्या, सोबत साउंड सेटिंग्जच्या स्क्रीनचा फोटो टाका, कारण शाळेतल्या शिक्षकांना मराठीत असं काही सहज मिळत नाही. आणि जे लोक शाळांना कॉम्प्युटर देतायत त्यांनी निघण्याआधी तिथलेच स्पीकर आणि तिथलाच मॉनिटर लावून एक गाणं वाजवून दाखवावं, माइकवर चार वाक्यं रेकॉर्ड करून परत ऐकवावीत, पाच मिनिटांचं काम आहे. एखाद्या मशीनचं मदरबोर्डवरचं कार्ड खरंच गेलंय असं वाटत असेल तर आधी बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) ऑडिओ बंद तर नाही ना ते बघून घ्या, आणि तो बंद नसेल तर दोन-तीनशे रुपयांचं साधं यूएसबी साउंड कार्ड आणा, लिनक्समध्ये त्याला सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही, लावायचं आणि आउटपुटच्या यादीत तेच निवडायचं.

आपला,
एक वाचक, कराड