मंत्रिमहोदय, आमच्या चर्चच्या मागच्या खोलीला कुलूप लागलं

माननीय मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार.

रविवारी उपासना संपल्यावर चर्चच्या मागची, आमची बालवाडी भरायची ती खोली बंद केली. किल्ली माझ्याकडेच आहे. आत वजनकाटा आहे, पोरांची वजनं लिहिलेली तीन रजिस्टरं आहेत, भिंतीवर उंची मोजायच्या पेन्सिलच्या रेघा आहेत. मागच्या नाताळात आमच्या लोकप्रतिनिधींनी स्टेजवरून सांगितलं होतं, केंद्र बंद पडू देणार नाही. त्यानंतर मी चार वेळा गेले, आता ते फोनही उचलत नाहीत.

आमच्याकडे 41 मुलं यायची, त्यातली 9 चर्चच्या घरातली. परदेशातला पैसा एका मोठ्या संस्थेकडे यायचा, ती आमच्यासारख्या छोट्या मंडळ्यांना द्यायची. परदेशी पाहुणे दहा वर्षांत दोनदा आले, फोटो काढून गेले, त्याचाही मला रागच आला होता. काम आम्ही केलं. कोणाचे आईबाप ऊसतोडीला गेलेत, कोणाच्या घरी दोन दिवस चूल पेटली नाही, हे पाळकबाईंना माहीत असतं, लांब बसलेल्याला कसं कळणार? चर्चमधून काम करायचं ते याचसाठी.

मग सप्टेंबर 2020 मध्ये तुम्ही एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा बदलला आणि एका संस्थेने दुसरीला परदेशी पैसा द्यायलाच बंदी घातली. स्वतः नोंदणी करा म्हणता, तर त्यासाठी मागच्या तीन वर्षांत 15 लाख खर्च केलेले दाखवायचे. आमची मंडळी शेतमजुरांची आहे साहेब, रविवारचं अर्पण मोजलं तर लाइटबिल जेमतेम निघतं, 15 लाख कुठून आणायचे? नोंदणीशिवाय परदेशी पैसा घ्यायच्या पूर्वपरवानगीचा अर्जही केला, फी भरली, त्याला दीड वर्ष झालं. नाही म्हणा, पण कारण लिहून द्या ना! मंडळीने पोटाला चिमटा काढून आत्तापर्यंत ओढलं, माझं 5,500 मानधन आठ महिने नाही, कानातले मोडले, नवरा म्हणतो सोड ते, बीपीची गोळी मी एक दिवसाआड घेते, आणि हे कोणाला सांगायचं?

2017 मध्ये कम्पॅशन इंटरनॅशनल या मुलांना मदत करणाऱ्या अमेरिकन ख्रिस्ती संस्थेला देश सोडावा लागला तेव्हा सुमारे 1 लाख 45 हजार मुलांची मदत थांबली. त्यांचंही काम स्थानिक चर्चमधूनच चालायचं. मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या एफसीआरए नोंदणीचं नूतनीकरण 25 डिसेंबर 2021 ला, ऐन नाताळात नाकारलं, जगभर ओरड झाली आणि पंधरा दिवसांत परत दिलं. आमच्यासाठी कोण ओरडणार?

धर्मांतराचं म्हणाल तर कुठे आमिष दाखवून होत असेल तिथे खुशाल केस करा, मी तुमच्या बाजूने उभी राहीन. आमच्याकडच्या एकाही पोराचा बाप्तिस्मा झालेला नाही, घरोघरी जाऊन विचारा. आणि परदेशी मदत घेतली म्हणून देशद्रोही ठरत असू तर पंडिता रमाबाईंनी 1889 ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, तेही अमेरिकेतल्या लोकांच्या वर्गणीवरच होतं, त्यांना काय म्हणायचं?

राजकीय पक्षांना परदेशी कंपन्यांच्या देणग्यांची अडचण झाली तेव्हा हाच कायदा 2018 मध्ये मागच्या तारखेने बदलला, थेट 1976 पासून, लोकसभेत चर्चासुद्धा न करता. पक्षासाठी बेचाळीस वर्षं मागे जाता येतं आणि पोरांच्या दुधासाठी एक अर्ज पुढे सरकत नाही, हा कसला न्याय? हिशोब तपासा, दर महिन्याला तपासा, अधिकारी पाठवा, मी स्वतः रजिस्टरं काढून दाखवते. पण छोट्या मंडळ्यांना मोठ्या संस्थेमार्फत पैसा घेऊ द्या आणि अर्जाला उत्तर द्यायची मुदत ठरवा.

शेवटच्या रजिस्टरात एका चार वर्षांच्या मुलीचं वजन 11 किलो 200 लिहिलंय, दोन महिन्यांत 600 ग्रॅम वाढलं होतं. तिची आई काल दारात आली होती, विचारत होती सोमवारी पोरीला पाठवू का. तिला काय सांगू ते कळवा.

आपली,
एक बालवाडीताई