उरलेल्या नजरेविषयीही लिहा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेहामुळे दृष्टिपटलाचं होणारं नुकसान यांवर लेख येतात. ते सगळे मी वाचते. 'वाचते' हे मुद्दाम लिहिलं. माझ्या दोन्ही डोळ्यांचा मॅक्युला, म्हणजे बारीकसारीक पाहणारा दृष्टिपटलाचा मधला भाग, झिजला आहे. समोर उभ्या माणसाचा चेहरा दिसत नाही, त्याच्या शेजारची खिडकी दिसते. चष्म्याचा नंबर वाढवून यात फरक पडत नाही. उपचार थांबले त्या दिवशी मला सांगितलं गेलं, "आता आणखी काही करता येणार नाही." डोळ्यांपुरतं ते खरं होतं. वाचनापुरतं नव्हतं, आणि एवढं कळायला माझी दोन वर्षं गेली.

ती दोन वर्षं मी भिंगाशी झगडत होते. भिंगाची ताकद वाढवली की ते आकाराने लहान होतं आणि कागदाच्या जवळ न्यावं लागतं. १० पट मोठं दाखवणारं भिंग कागदापासून जेमतेम अडीच सेंटिमीटरवर धरायचं, डोळाही त्याला चिकटवायचा. मान आखडते, स्वतःच्याच डोक्याची सावली कागदावर पडते, आणि हात जरा हलला की शब्द गेला.

मग एका ओळखीच्यांकडे व्हिडिओ मॅग्निफायर पाहिला. खाली सरकता ट्रे, वर कॅमेरा, समोर पडदा, बस एवढंच. ताठ बसून, दोन्ही डोळ्यांनी, हवं तेवढं मोठं करून वाचायचं. पण माझ्यासाठी खरी किमया मोठ्या अक्षराची नव्हती, रंग उलटवणाऱ्या बटणाची होती. वर्तमानपत्राचा कागद करडा, शाईही फिकट. बटण दाबलं आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. पांढऱ्या पानाचा झगझगाट गेला आणि मला अनुस्वार दिसला! ज्यांची नजर शाबूत आहे त्यांना यात विशेष वाटणार नाही. पण देवनागरीत नजर अधू झाली की आधी अनुस्वार जातो, मग रफार, मग ऱ्हस्व-दीर्घाचा फरक. 'मंद' आणि 'मद', 'रंग' आणि 'रग' अंदाजाने वाचावे लागतात. औषधाच्या खोक्यावर असा अंदाज चालत नाही.

हे यंत्र काही कालपरवाचं नाही. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेत सॅम्युअल गेनेन्स्की या, स्वतःच अत्यंत कमी दिसणाऱ्या गणितज्ञाने सहकाऱ्यांबरोबर अशी यंत्रणा उभी केली होती. म्हणजे पन्नास वर्षांहून जुनी गोष्ट, आणि तरी उपचार संपल्यावर तिचं नाव कुणी काढत नाही.

घरचेही प्रेमापोटी अडवतात, "डोळ्यांना ताण देऊ नकोस, आहे तेही जाईल." वाचल्याने डोळे थकतात, नजर जात नाही. थकले की मिटून बसावं, पुन्हा वाचावं.

मात्र कुणी घाईने यंत्र विकत आणून आजी-आजोबांसमोर ठेवू नये, ही कळकळीची विनंती. काचबिंदूत किंवा रेटिनायटिस पिगमेंटोसा या दृष्टिपटलाच्या आनुवंशिक आजारात बघण्याचा घेरच आक्रसलेला असतो. तिथे अक्षर फार मोठं केलं तर अख्खा शब्दच घेरात मावत नाही. थोडं मोठं करून रंग उलटवणं बरं पडतं. त्यामुळे नजर मोजून, यंत्र हाताळून पाहूनच निवडावं. नंतर सराव लागतोच. मला पहिल्या आठवड्यात ओळ सापडायची नाही. ओळ संपली की ट्रे त्याच ओळीवरून सुरुवातीपर्यंत मागे आणायचा आणि मगच एक ओळ खाली उतरायचं, ही युक्ती कुणीतरी शेजारी बसून दाखवली तेव्हा कुठे जमलं. नाहीतर माझंही यंत्र कपाटात गेलं असतं.

ज्यांना एवढं मोठं यंत्र शक्य नाही त्यांनी हातातला मोबाइल तरी पाहावा. आयफोनमध्ये २०१६ पासून मॅग्निफायर आहे, अँड्रॉइड फोनवरही पडद्यावरचं मोठं करून पाहण्याची सोय असते. पाटीचा किंवा खोक्याचा फोटो काढून तो मोठा केला तरी पुष्कळ कामं होतात. लांबलचक वाचनाला मात्र लहान पडदा पुरत नाही, दर दोन शब्दांनी सरकवावं लागतं.

संपादक महोदय, डोळ्यांच्या आजारावर पुढचा लेख छापाल तेव्हा शेवटी चार ओळी अल्पदृष्टीच्या साधनांवर आणि ती वापरायला शिकवणाऱ्या तज्ज्ञांवर द्या. शक्य झालं तर त्या चार ओळी मोठ्या, ठळक टाइपात छापा. ज्यांच्यासाठी त्या आहेत त्यांना निदान तेवढ्या स्वतः वाचता येतील.

आपली,
एक नियमित वाचक