रोजेची माफी

प्रिय सतीश,

परवा रात्री 'पाथ्स ऑफ ग्लोरी' पाहिला आणि झोपच उडाली. १९५७ चा कृष्णधवल सिनेमा, पहिल्या महायुद्धातल्या फ्रेंच खंदकांमधला. त्यातला लेफ्टनंट रोजे काही केल्या डोक्यातून जात नाही.

रात्रीच्या टेहळणीला निघताना हा दारू पितो. पुढे पाठवलेला आपलाच जवान परतला नाही म्हणून बिथरतो, अंधारात ग्रेनेड फेकतो आणि पळून येतो. तो जवान त्याच ग्रेनेडनं मेलाय, हे कॉर्पोरल पॅरिसला कळतं. पुढे एक अशक्य हल्ला फसतो आणि भेकडपणाची शिक्षा द्यायला प्रत्येक कंपनीतून एक माणूस मागितला जातो. रोजे पॅरिसचंच नाव देतो. दुसरा निवडतात चिठ्ठी टाकून, आणि तो निघतो शौर्याबद्दल आधी गौरवलेला! कोठडीत कवटी फुटून बेशुद्ध पडलेल्या त्या माणसाला स्ट्रेचरसकट उभा करतात. गालाला चिमटे काढतात, गोळ्या लागताना डोळे उघडे हवेत म्हणून.

सतीश, हे निव्वळ रचलेलं नाही रे. फ्रान्समधल्या सुएं गावी १९१५ साली चार फ्रेंच कॉर्पोरलांना असंच मारलं आणि १९३४ साली निर्दोष ठरवलं. हा सिनेमाही फ्रान्समध्ये १९७५ पर्यंत दाखवला गेला नाही.

तिसरा शिपाई जपमाळ धरून हुंदके देत चालतो. खरं सांगू? मला त्याचं रडणं बघवेना. मनात आलं, आता तरी मर्दासारखा ताठ चाल. आणि लगेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणासाठी ताठ चालायचं त्यानं? बंदुका रोखणाऱ्यांना जड जाऊ नये म्हणून?

शेवटी रोजेच पॅरिसच्या डोळ्यांना पट्टी बांधायला येतो आणि हळूच माफी मागतो. तोवर बंदुका तयार असतात.

तेव्हा मला आपला पोहण्याचा तलाव आठवला. आठवीत होतो. उंच फळीवरून तू मागे फिरलास आणि मी सगळ्यांसमोर 'बायल्या' म्हणून ओरडलो. शिडीवर तुझ्यामागे माझाच नंबर होता. तळहातांना इतका घाम की लोखंड धरवत नव्हतं. पोरं तुला हसण्यात दंग होती. तुला वाट द्यायला म्हणून मी खाली उतरलो आणि पुन्हा चढलोच नाही. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. तू टॉवेल गुंडाळून, एक शब्द न बोलता निघून गेलास.

माझं चुकलं, सतीश.

तुझा,
अनिल