दिल्यास, मंगळीच्या निमित्ताने

भांडुप, रविवार रात्र

प्रिय दिल्या,

दिवाळीपासून पत्र नाही म्हणून तू शिव्या दिल्या असशील, त्या पोचल्या. इकडे सगळे बरे. आईचे गुडघे आहेत तसेच.

बंड्याच्या शेळ्यांचं विचित्र झालंय. आधी काळी गाभडली, मग मंगळी. दोघींचे दिवस भरत आलेले, करडांच्या अंगावर केसही आले होते. मंगळीची वार अडकली, तर या शहाण्याने उघड्या हाताने ओढून काढली आणि टेकडीवर फेकली. कुत्र्यांनी पळवली असणार. मी बळेच परळच्या जनावरांच्या दवाखान्यात रक्त तपासायला लावलं. निघाला ब्रुसेला, सांसर्गिक गर्भपात.

डॉक्टर गप्पिष्ट निघाले. म्हणाले, १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस नावाच्या लष्करी डॉक्टरने माल्टा बेटावर, तापाने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेत हा जंतू शोधला. तो येतो कुठून, हे कळायला १९०५ उजाडलं. झॅमिट नावाच्या तिथल्याच डॉक्टरने शेळ्यांचं रक्त तपासलं, तर चांगल्या धडधाकट शेळ्यांमध्ये तो सापडला, मग त्यांच्या दुधातही!

माझी झोप उडालीय ती या 'धडधाकट'ने. मंगळी आता कडबा खाते, ढुशा मारते, दूध देते. बंड्या म्हणतो, "पुढच्या खेपेला गाभ टिकेल." टिकेलही रे, बहुतेक शेळ्या एकदाच गाभडतात. पण जंतू दुधात आणि वारेत येत राहतो. शेळीला औषध देऊन तो मुळापासून जाईल याचा भरवसा नाही, तिला कळपातून काढायलाच हवं. आणि बंड्या तिला 'दुभती' म्हणून विकायला निघालाय. कुणाला? शिंदेमावशींना! त्या नातवाला धारोष्ण दूध पाजतात, तुला माहीत आहे. उकळलं तर जंतू मरतो, पण मावशींना कोण सांगणार? आपल्याला नाही का पाजायच्या? तू पातेलं सांडून माझं नाव सांगितलं होतंस. विसरलो नाही मी.

बरं, या बंड्यालाही रोज संध्याकाळी ताप चढतो. घामाने गोधडी भिजते, कंबर धरते. नाक्यावरच्या डॉक्टरने टायफॉइड म्हणून गोळ्या दिल्या. शेळ्यांचं त्यांना याने सांगितलंच नाही. खरंच ब्रुसेला निघाला तर दोन औषधं जोडीने सहा आठवडे घ्यावी लागतात, मध्येच सोडली तर पुन्हा उलटतो. पुरुषांना कुठे सूज येते ते पत्रात लिहीत नाही, तू चारचौघांत वाचून दाखवशील.

मी ओरडलो तर म्हणतो, "तुला गिरणीतल्या पगाराची ऊब, मला शेळ्या." गिरणी बंद होऊन किती वर्षं झाली रे! पण काळी आणि मंगळी गेल्या तर त्याच्या हातात राहतं काय, हेही खरंच. म्हणून मी अर्धे पैसे देतो म्हटलं. त्याला भीक वाटली.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? चिमीला नोकरी लागली म्हणे, शाब्बास. पेढे पाठव.

आता काम. तू त्याला फोन कर. लहानपणापासून तो तुझंच ऐकतो, का ते देव जाणे. रक्त दे म्हणावं, आणि मंगळीचा व्यवहार थांबव. मावशींकडे मी उद्या जातोच आहे, बंड्या चिडला तरी. फोन सकाळी कर, संध्याकाळी तो कुणाशी धड बोलत नाही.

तुझा,
सद्या