आधी कान तपासा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कोमातील रुग्णांचा मेंदू आवाजाला कसा प्रतिसाद देतो, यावरचा कालच्या अंकातील लेख वाचला. विषय घेतलात याबद्दल आभार. पण त्यातील चौकटीत ठळक टाइपात ‘आवाजाला मेंदूचा प्रतिसाद नसेल तर शुद्धीवर येण्याची आशा नाही’ असे छापले आहे. हे वाक्य चूक आहे. ज्यांचे माणूस आज आयसीयूत आहे त्यांनीही ते वाचले असणार, म्हणून राहवत नाही.

प्रतिसाद नाही असे म्हणण्यापूर्वी आवाज मेंदूपर्यंत पोचला का, हे पाहावे लागते. त्यासाठी ‘बेरा’ ही साधी तपासणी आहे. कानात एक दशांश मिलिसेकंदाचे हजार ते दोन हजार क्लिक देऊन सरासरी काढली की पहिल्या 10 मिलिसेकंदांत पाच लाटा दिसतात. पहिली दीड मिलिसेकंदाच्या सुमारास, ती श्रवणनाडीची. पाचवी साडेपाच ते सहाच्या दरम्यान, मेंदूच्या खोडाच्या वरच्या भागातली. पहिलीच लाट आली नाही तर पुढच्या चार लाटांच्या अभावावरून मेंदूबद्दल काहीही ठरवता येत नाही. दोष कानात असेल, नाडीत असेल किंवा इअरफोनच्या दुमडलेल्या नळीत असेल.

आणि आयसीयूतल्या रुग्णाच्या कानात दोष असण्याची कारणे भरपूर असतात. डोक्याला मार लागलेल्यांत कानाजवळचे हाड मोडून मधल्या कानात रक्त साचते. व्हेंटिलेटरवर दिवसेंदिवस आडवे पडून राहिल्याने मधल्या कानात पाणी धरते. जेंटामायसिन, अमिकासिन यांसारखी प्रतिजैविके आतल्या कानातील पेशींना इजा करतात. कधी नुसता मळ असतो आणि इअरफोनचा फोमचा बोळा तो आणखी आत ढकलतो. आधीपासून श्रवणयंत्र वापरणाऱ्या माणसाचे यंत्र दाखल करताना काढून घरच्यांकडे दिलेले असते आणि नंतर ते कुणाला आठवत नाही. ऑटोस्कोपने, म्हणजे कानात पाहायच्या दिव्याच्या उपकरणाने, दोन्ही कान पाहायला पाच मिनिटे पुरतात. लेखात या पाच मिनिटांना एक ओळही मिळालेली नाही.

कान ठीक निघाला, तरी पुढच्या चाचण्या नाजूक असतात. एकसारख्या स्वरांमध्ये अधूनमधून वेगळा स्वर घालायचा आणि तो वेगळा असल्याचे मेंदूने टिपले का, हे ईईजीत, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरींच्या आलेखात, शोधायचे, ही त्यातली मुख्य. 1978 मध्ये फिनलंडच्या रिस्तो न्याटानेन आणि सहकाऱ्यांनी हा प्रतिसाद प्रथम दाखवला. वेगळ्या स्वरानंतर साधारण 100 ते 250 मिलिसेकंदांत तो येतो, पण असतो काही मायक्रोव्होल्टचाच. बाकीची ईईजी त्याच्या कितीतरी पट मोठी. दर 0.6 सेकंदाला एक असे 1000 स्वर दिले तर 10 मिनिटे लागतात, आणि त्यात 15 टक्के वेगळे धरले तर सरासरीसाठी 150 नमुने मिळतात. त्यातले दाताखाली श्वासाची नळी चावल्याने, खोकल्याने किंवा डोळ्यांच्या हालचालीने बिघडलेले काढून टाकले की हाती किती उरले, हे अहवालात लिहिलेच पाहिजे. डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडचा रोध 5 किलोओहमच्या आत नसेल तर व्हेंटिलेटर आणि सिरिंज पंपांची विजेची गुणगुण सगळे झाकून टाकते. मिडाझोलाम किंवा प्रोपोफोल हे गुंगीचे औषध चालू असेल तर बेराच्या लाटा बहुतांशी टिकतात, पण मेंदूच्या वरच्या थरांचे प्रतिसाद मंदावतात. मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर मिडाझोलामचा अंमल पंप बंद केल्यावरही रेंगाळतो. शिवाय निरोगी, जाग्या माणसांतही काहींचा हा प्रतिसाद स्पष्ट मिळत नाही. मग एकदा केलेल्या चाचणीवर आशा संपली असे कसे छापता?

आकडेच हवेत तर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील यान क्लासेन यांच्या गटाचे 2019 चे आहेत. मेंदूला इजा झालेल्या आणि सांगितलेले काहीच न करणाऱ्या 104 रुग्णांना ‘उजव्या हाताची मूठ उघडा-मिटा’ आणि ‘थांबा’ असे ऐकवले. हात कुणाचाच हलला नाही, पण 16 जणांच्या ईईजीत दोन्ही सूचनांना वेगवेगळा प्रतिसाद दिसला. एका वर्षाने या 16 पैकी 7 जण दिवसातले निदान आठ तास स्वतःचे स्वतः सांभाळू शकत होते. प्रतिसाद न दिसलेल्यांत, वर्षानंतरची माहिती मिळालेल्या 84 पैकी 12 जण तिथवर पोचले. म्हणजे प्रतिसाद असणे हे चांगले चिन्ह, हे खरेच. पण ही 12 माणसे आपल्या चौकटीत बसत नाहीत.

लेखाचे शीर्षक मात्र नेमके उलट टोकाला जाते: ‘ते सारे ऐकत असतात’. स्वरातला फरक टिपणे म्हणजे बोलणे समजणे नव्हे. हृदय बंद पडून कोमात गेलेल्यांवर स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये झालेल्या, 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या दिवशी हा फरक पुढे दगावलेल्यांच्या मेंदूनेही टिपला होता. महत्त्व होते ते पहिल्या चाचणीपेक्षा दुसरीत सुधारणा झाली की नाही, याला. एका दिवसाचा आलेख नातेवाइकांपुढे धरून ‘ऐकतात’ किंवा ‘संपले’ असे काहीच सांगता येत नाही.

नातेवाइकांसाठी उपयोगाचे चार शब्द तरी हवे होते. टीव्ही बंद करा. आधी नाव घ्या, मग एकच छोटी सूचना द्या, तीही रुग्णाच्या रोजच्या भाषेत. किमान दहा सेकंद थांबा. चार वेळा करून पाहा आणि काय दिसले ते वेळेसह लिहून ठेवा. गुंगीचे औषध शेवटचे कधी दिले, ते नर्सला विचारून शेजारी नोंदवा.

आणखी एक. छायाचित्राखाली ‘ब्रेन डेड रुग्णाची तपासणी’ असे छापले आहे आणि लेख कोमाबद्दल आहे. ब्रेन डेड म्हणजे मृत्यू. त्यात मेंदूच्या खोडाची एकही प्रतिक्षिप्त क्रिया उरत नाही आणि श्वासाची प्रेरणाही नसते. कोमातील माणूस जिवंत असतो. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरल्याने घराघरांत काय गोंधळ होतो याची कल्पना संपादकीय विभागाला असायला हवी.

चौकट ज्या पानावर आणि ज्या टाइपात होती, त्याच पानावर, त्याच टाइपात दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक
(ईईजी तंत्रज्ञ)