भट्टीजवळचा भाचा

आर्वी, १२ जानेवारी २०२५

प्रिय दिन्या,

तुझं पत्र आलं तेव्हा मी गोव्याला होतो. हसू नको लेका. कापसाचा दुसरा वेचा आटोपला, तूर अजून उभी होती, अन् ताईने हट्टच धरला, "पोरगं काय खाते, कुठं राह्यते, एकदा पाहून ये." म्हणून गेलो पाळोळ्याला. समुद्राचं काही लिहीत नाही. मोठा आहे.

हा भाचा बारावीत नापास झाला तेव्हा ओसरीवर सगळ्यांसमोर मीच म्हणालो होतो ना, "जाशील कोण्या हॉटेलात भट्टीजवळ." दिन्या, तो भट्टीजवळच उभा होता. माडाखाली पाच-सात टेबलं, प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यांचे पाय रेतीत रुतलेले, खाली कुत्रं झोपलेलं. अन् मागे पालथ्या घमेल्यासारखी विटामातीची भट्टी.

पिझ्झ्याचं पीठ आदल्या दिवशीच भिजवून ठेवतो. गोळा घेतला, लाटणं नाही, काही नाही. बोटांनी मधून दाबत पसरवला, काठ तेवढा जाड राखला. मग चिमूटभर मैदा भट्टीच्या तळावर टाकला, तो झटक्यात काळा पडला. "थांबा मामा, जास्त तापली." हे कुठं पाहिलं म्हणून विचार करत होतो. अरे, आपले रोडगे! मारुतीच्या पंगतीला तुझ्या बाबांच्या मागेमागे हाच फिरायचा. गोवऱ्यांचा धूर सरू द्यायचा, निखाऱ्यावर हात धरून अंदाज घ्यायचा, मगच कणकेचे रोडगे सोडायचे; घाई केली की वरून कोळसा अन् आत कच्चं.

इथं मात्र दीड मिनिटात काम. चारशे डिग्रीच्या वर ताव असतो म्हणे. इटलीतल्या नेपल्सच्या या पिझ्झ्याच्या कारागिरीला २०१७ साली युनेस्कोने आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, हेही त्यानेच सांगितलं. मी म्हटलं, रोडग्याचा अर्ज कोणी भरला का?

पिझ्झ्यावर टमाट्याचा रस, चीज अन् चार हिरवी पानं. वास तुळशीचा, म्हणून मी ती काढून बाजूला ठेवली. पोरगं हसलं, "तुळशीचीच जात आहे, पण खायची आहे मामा." चीज मिशीत अडकलं ते वेगळंच. करपलेला, फुगलेला काठ मला सगळ्यांत आवडला. मिरचीचा चुरा दोनदा मागितला.

किंमत ४५० रुपये. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव यंदाच्या २०२४-२५ हंगामात क्विंटलला ७,५२१, म्हणजे एका पिझ्झ्यात सहा किलो कापूस गेला. व्यापाऱ्याचा भाव धरला तर आणखी जास्त. अन् बहिणीच्या लेकाचं फुकट खाणं आपल्यात बसते का? मी पैसे काढले, त्याने हात धरला. गल्ल्यावरच्या बाईसमोर आम्ही वऱ्हाडीत भांडलो. शेवटी त्याच्या पगारातून कापायचं ठरलं.

पावसाळ्यात तिथलं सगळं बंद असते, किनाऱ्यावरच्या झोपड्या मोडून ठेवतात. म्हणजे तो पेरणीला घरी येईल. ओसरीवरचं ते बोलणं त्याला आठवते का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

निघताना त्याने कागदात गुंडाळलेला एक पिझ्झा दिला, "आईले द्या, तव्यावर गरम करा म्हणा." घरी पोचेस्तोवर पार वातड झाला होता. ताईने तव्यावर शेकला, ठेचा लावला, म्हणाली, "रोडगा बरा याच्यापेक्षा." अन् कोणाला एक तुकडाही दिला नाही.

काकूंना नमस्कार.

तुझा,
बाल्या