सियांगचा आराखडा आधी ढाक्याला दाखवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चीन तिबेटात ब्रह्मपुत्रेवर जे धरण बांधतो आहे, त्याविषयी सध्या पुष्कळ छापून येते आहे. लोकांना राग आला आहे आणि तो रास्तच आहे. मला मात्र या निमित्ताने आपल्याच सरकारकडे एक मागणे मांडायचे आहे. अरुणाचलात याच नदीला सियांग म्हणतात. तिच्यावर आपण जे धरण योजले आहे, त्याचा आराखडा खालच्या बांगलादेशाला आधी दाखवा.

इंदुरात नळाला पाणी आले की आम्ही 'नर्मदा आली' म्हणतो. जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर लांब पाइपातून, घाट चढवून ती आमच्या घरात येते. त्या नदीवर आम्ही जगतो, आणि वरून न सांगता पाणी सोडले की खाली काय होते, तेही तिच्याच काठी पाहिले आहे. एप्रिल २००५ मधली भूतडी अमावास्या इकडे कोणी विसरलेले नाही. देवास जिल्ह्यात धाराजीला जत्रा भरली होती. माणसे रात्री पात्रातल्या खडकांवर, वाळूवर पथाऱ्या टाकून झोपली होती. वरच्या धरणातून विजेसाठी पाणी सोडले गेले आणि साठहून अधिक माणसे वाहून गेली. आमच्या शेजारच्या काकू त्या जत्रेहून एकट्या परतल्या. सोबत गेलेल्या जावेची पिशवी तेवढी दुसऱ्या दिवशी सापडली. ओटीचा खण तिच्यात घडी न मोडता तसाच होता, फक्त चिंब भिजलेला. काकू पुढे कितीतरी वर्षे एकच सांगत, "पाणी आवाज न करता वाढलं हो. कुणी नुसती हाक मारली असती तरी आम्ही वर चढलो असतो."

हे एका राज्यात, एका सरकारच्या अमलाखाली घडले. मधे ना सीमा होती, ना परकी भाषा. मग दोन देशांच्या मधून नदी वाहते तिथे ही हाक कोण मारणार?

जून २००० मध्ये तिबेटात यिगाँग नदीवर दरड कोसळून साचलेला तलाव फुटला आणि ते पाणी थेट अरुणाचलात सियांगला आले. पासीघाटपर्यंत पूल वाहून गेले, माणसे दगावली. त्यानंतर २००२ मध्ये भारत-चीन करार झाला आणि पावसाळ्यात पाण्याच्या पातळीचे आकडे चीन आपल्याला कळवू लागला. २०१७ मध्ये डोकलामचा तणाव होता, त्या पावसाळ्यात आकडे आले नाहीत. पुढे २०२३ मध्ये कराराची मुदतही संपली. आता तिबेटातल्या मेडोगला ब्रह्मपुत्रा दोनेक हजार मीटर खाली उतरते तिथे डोंगरातून बोगदे काढून पाच वीजकेंद्रे उभी राहणार आहेत. जुलै २०२५ मध्ये त्याचे काम सुरू झाले. चीनच्याच थ्री गॉर्जेस धरणाच्या तिप्पट वीज तिथे होईल म्हणतात. खालच्या देशांना काही त्रास होणार नाही, असे चीन सांगतो. पण काम सुरू करून मग दिलेल्या आश्वासनाला सल्लामसलत कसे म्हणायचे?

आता आपल्याकडे पाहू. १९९७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत सामायिक नद्यांच्या कराराचा मसुदा मतदानाला आला. नदीवर मोठे काम काढण्याआधी खालच्या देशाला कळवावे, ही त्यातली मुख्य गोष्ट. चीनने विरोधात मत दिले. भारत तटस्थ राहिला. बाजूने मत दिले ते बांगलादेशाने. हे वाचले तेव्हा मला वाईट वाटले, कारण आज आपण बीजिंगकडे जे मागतो आहोत, ते तेव्हा मान्य करायला आपला हात वर गेला नाही.

चीनने एकदम पाणी सोडले तर ते अडवता यावे म्हणून आपण सियांगवर सुमारे अकरा हजार मेगावॉटचे धरण योजले आहे. कारण पटण्यासारखे आहे. पण हीच नदी पुढे बांगलादेशात जमुना होते. मेडोगच्या खाली आपण आहोत, तसे आपल्या धरणाच्या खाली ते आहेत. जमुनेच्या चरांवर, म्हणजे नदीतल्या गाळाच्या बेटांवर, लाखो लोक राहतात. दर पावसाळ्यात त्यांची जमीन वाहून जाते आणि नवी तयार होते ती वरून येणाऱ्या गाळावर. धरणात गाळ अडला तर ते कुठे जातील?

बांगलादेशाच्या वर गंगेवर आपण बांधलेल्या फरक्का बंधाऱ्याचा अनुभव फार जुना नाही. तो १९७५ मध्ये सुरू झाला आणि बांगलादेशाशी गंगेच्या पाणीवाटपाचा तीस वर्षांचा करार व्हायला १९९६ उजाडले. मधली वीस-एकवीस वर्षे कडवटपणात गेली. त्या कराराची मुदतही डिसेंबर २०२६ मध्ये संपते.

कोणी म्हणेल, विचारून तरी काय होते? आग्नेय आशियातल्या मेकाँग नदीवर लाओसने झायाबुरी धरणाची सूचना २०१० मध्ये शेजाऱ्यांना रीतसर दिली, कंबोडिया आणि व्हिएतनाम 'थांबा' म्हणत राहिले, तरी २०१२ मध्ये काम सुरू झालेच. हे खरे आहे. पण त्या विचारण्यामुळेच माशांना वर जायची वाट आणि गाळ सोडायची दारे यांचा आराखडा बदलावा लागला. काँक्रीट पडल्यावर तेही झाले नसते.

सियांगवर अजून काँक्रीट पडलेले नाही. काठच्या आदी जमातीच्या गावांनी तर सर्वेक्षणालाच विरोध केला आहे. आधी त्यांच्यासमोर बसा. बंदोबस्त घेऊन जाऊ नका, नकाशे घेऊन जा. धरण किती उंच, पाणी कधी अडवणार, कधी सोडणार, गाळाचे काय, हे सारे कागद ढाक्याला पाठवा. त्यांनी मागण्याची वाट पाहू नका. त्यांच्या अभियंत्यांना जागेवर आणा, हरकती लेखी घ्या, उत्तरे लेखी द्या. आणि पाणी सोडण्याआधी चरावरच्या शेवटच्या झोपडीपर्यंत निरोप पोहोचेल अशी व्यवस्था धरणाच्या खर्चातच धरा.

आपला,
एक वाचक
रामबाग, इंदूर